एकशे सत्त्याऐंशीचा झरोका

मन्मथ आप्पांना त्या नंबरातून काय मिळत होतं, याचा हिशेब मी त्यांच्याच ओसरीवर, त्यांचाच चहा पीत, कप खाली ठेवायच्या आत मांडून टाकला होता. एक जादा रेशनकार्ड. एक जादा नळ. घरकुलाची यादी निघेल तेव्हा एक जादा नाव. आणि आता आमच्या ड्रोनच्या कृपेने एक जादा सनद. सारी नोकरी ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून काढलेल्या माणसाला एवढं सुचणं अवघड नव्हतं. गावातल्या एकूण एक दारावरचे नंबर त्यांनीच रंगवलेले. स्वतःच्या घराला एकाऐवजी दोन लावून घेतले, तर विचारणार कोण?

विचारणारी मी होते.

“आप्पा, हे शेजारचं घर एकशे शहाऐंशी. तुमच्या दारावर एकशे अठ्ठ्याऐंशी. मग एकशे सत्त्याऐंशी कुठंय?”

“हाय की,” आप्पा म्हणाले.

“कुठं?”

“हितंच.”

“हितंच म्हणजे?”

“च्या घ्या मॅडम, गार हुतोय.”

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. आप्पांच्या बायकोने, महानंदाकाकूंनी, तव्यापासूनच उत्तर पाठवलं, “दाखवा की त्यास्नी. घरात घर बांधलंय म्हणावं. मालकीण पण ठेवलीया आत.”

आप्पांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. हालचालीतलं एवढं उत्तर मला पुरेसं होतं. माणूस नंबराच्या बाबतीत खोटा आहे, अशी नोंद मी मनात करून टाकली.

गोष्टीला आता सात वर्षं झाली. मी पंचवीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत कामाला होते. माळेवडगाव हे बालाघाटाच्या उतारावरचं चारशे बारा घरांचं गाव. शेताला सातबारा असतो, पण गावठाणातल्या घराला मालकीचा असा कागद कधी नव्हताच. तो देण्यासाठी ड्रोन उडवून वरून फोटो काढले होते. आमच्याकडे काम एवढंच, की फोटोतल्या कुठल्या घराचा घरपट्टीच्या रजिस्टरात कुठला नंबर, ते लावून द्यायचं. म्हणजे ज्याचं घर त्याच्या नावाने सनद निघेल. बाकीच्या कंपन्या दोन माणसं यादी घेऊन दारोदार हिंडवायच्या. मी आमच्या राजवाडे सरांना म्हटलं होतं, हिंडायची गरज नाही, मशीन लावेल.

पद्धत साधी होती. वर्तमानपत्रातलं सुडोकू सोडवतात तशी. एखाद्या चौकटीत कुठला आकडा बसू शकत नाही ते आधी खोडत जायचं. सगळं खोडून जो उरेल तो खरा. मशीनला मी नियम दिले होते. प्रत्येक नंबर एकदाच. नंबर ओळीने. प्रत्येक घर रस्त्याला लागून. आणि प्रत्येक घराला निदान एक झरोका.

झरोक्याचा नियम गाव बघून सुचलेला. माळेवडगावात बहुतेक घरं माळवदाची. लाकडी खांब-तुळयांवर मातीचा थर दिलेलं सपाट छप्पर, आणि एका घराचं छप्पर दुसऱ्याला इतकं चिकटलेलं, की मांजर गावाच्या या टोकाकडून त्या टोकाला पाय जमिनीला न लावता जावं. वरून बघितलं तर सगळी आळी म्हणजे एकच मोठं अंगण. घर कुठं संपतं ते कळायला खूण एकच: उजेडासाठी माळवदाला ठेवलेलं चौकोनी भोक, म्हणजे झरोका.

भिंती कळाव्यात म्हणून ड्रोन उडायच्या आधी मारुतीच्या पारावर गाव जमवून मीच माइकवर सांगितलं होतं, की आपापल्या हद्दीवर, माळवदावर चुन्याची रेघ मारा. आणि समजावं म्हणून तीनदा घोकून घेतलं होतं, “एक घर, एक नंबर, एक झरोका.” लोकांनी रेघा मारल्या. काहींनी भिंतीवर मारल्या, काहींनी शेजाऱ्याच्या बाजूला हातभर सरकवून मारल्या, एकाने तर मधल्या बोळावरून मारली. काही शेळ्यांनी पुसल्या. शेवटी मी फोटोतला सगळा चुना एका फटक्यात साफ करून टाकला. चुना म्हणजे लोकांची इच्छा, आणि इच्छा मी पुराव्यात धरत नव्हते.

मशीन पहिल्याच दिवशी अडलं. उत्तर नाही, म्हणालं. मी धरून चालले होते, की नंबर रस्त्याच्या एका बाजूने जात असतील आणि दुसऱ्या बाजूने येत असतील. तसं गावात काहीच बसेना. तेव्हा सरपंचांनी मन्मथ आप्पांचं नाव सांगितलं, आणि आप्पांनी मला मारुतीपासून चालवत नेलं. सत्तरीचा वाळका माणूस, गुडघे गेलेले, पण प्रत्येक दारापाशी थांबून आपल्या हस्ताक्षराकडे बघावं तसं नंबराकडे बघायचे.

“डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून आकडे केले हुते. नऊच पत्रे.”

“आकडे तर दहा असतात.”

“तिनाचा पत्रा पालथा घातला की सहा हुतोय. पत्रा वाचला.”

“आणि ओळ कशी धरलीत? डावी-उजवी?”

आप्पांनी माझ्याकडे, शहरातल्या शिकलेल्या पोरीकडे बघावं तसं बघितलं. “मारुतीला प्रदक्षिणा घालताना देव कुठल्या हाताला ठिवता?”

“उजव्या.”

“मग घर कुठल्या हाताला ठिवायचं?”

सगळं गाव त्यांनी देवाभोवती फिरावं तसं मोजलं होतं. निघाले मारुतीपासून, घर कायम उजव्या हाताला, बोळ आला की बोळात शिरायचं, टोकाला वळायचं, दुसऱ्या अंगाने बाहेर, आणि शेवटचा चारशे बारा नंबर पुन्हा मारुतीच्या पाठीशी. हा नियम मी मशीनला घातला आणि अकरा सेकंदांत चारशे अकरा घरं जागच्या जागी बसली. त्या दुपारी मी आप्पांना पेढे नेऊन दिले होते. अडलं फक्त एक. एकशे सत्त्याऐंशीला ना छप्पर मिळेना, ना झरोका, ना रस्ता. रजिस्टरात मालकाच्या रकान्यात नुसतं ‘नीलावती’. नवऱ्याचं नाव नाही, बापाचं नाही, आडनाव नाही. बनावट नोंद ओळखू येते ती अशीच.

म्हणून मी दोन दिवसांनी त्या ओसरीवर पुन्हा बसले होते. पेढ्यांचा विषय कुणी काढला नाही.

“चला,” आप्पा शेवटी म्हणाले.

ओसरीतून आत स्वयंपाकघर. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक सरळ खांब चुलीपाशी उतरलेला, त्यात पिठाचे कण फिरत होते, आणि त्या उजेडात महानंदाकाकू काटवटीत भाकरी थापत बसलेल्या. त्यांच्या पाठीशी एक जुनं दोन फळ्यांचं दार होतं. त्या दारावर, डांबराच्या काळ्या रंगात, पत्र्याने उठवलेले तीन आकडे: १८७.

आप्पा दार लोटणार तोच काकू मागून म्हणाल्या, “अहो, इचारा आधी. चौतीस वर्सं झाली, अजून रीत येत न्हाई.” आणि आवाज चढवून, “मालकीणबाई, हाय का घरात? पाव्हणं आलंत.”

“या की वैनी,” आतून आलं.

आत दिवसाही बल्ब जळत होता. एक खाट, एक पेटी, खुंटीला दोन लुगडी, फळीवर पालथी घातलेली चार भांडी. खाटेपाशी जमिनीवर बसून एक बारीकशी बाई वाकळ शिवत होती. आप्पांची धाकटी बहीण. गाव तिला नीलाआत्या म्हणायचं. तिने सुई केसांत खोचली आणि मला बसायला वाकळीचंच टोक पुढं केलं.

मी सरळच सांगितलं. तसं सांगण्याचा मला तेव्हा अभिमान होता. “आत्या, ही खोली म्हणजे वेगळं घर होत नाही. बाहेर दार नाही, वर झरोका नाही. मशीन ही खोली एकशे अठ्ठ्याऐंशीत धरणार. सनद एकच निघेल, आप्पांच्या नावाने.”

नीलाआत्यांनी दाराकडे बघितलं. “म्हंजे नंबर पुसायचा?”

“कागदावरून जाईल. दारावर राहू द्या की.”

“कागदावर न्हाई तर दारावर कशाला मग,” आत्या म्हणाल्या. तक्रार नव्हती. वाकळीचा उसवलेला टाका काढावा, तसं म्हणाल्या. मग सुई शोधू लागल्या, केसांत खोचलेली.

काकू उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या, पिठाचे हात तसेच. “चांगलं झालं,” त्या म्हणाल्या. “माझी खोली मला परत आली. लग्नातली भांडी ठिवायची हुती मी हितं.” आणि चुलीकडे गेल्या.

आप्पा मला सोडायला म्हणून निघाले ते मारुतीच्या पारावर येऊन बसले. मी लॅपटॉप उघडला. मला काम संपवायचं होतं. आप्पांनी बराच वेळ गुडघे चोळले.

“तुमास्नी वाटतंय, म्या रेशनसाठी केलं.”

मी पडद्याकडेच बघत राहिले. बोलले असते तर खोटं बोलावं लागलं असतं.

“नीला परत आली तवा बावीस वर्साची हुती. नवऱ्यानं दुसरी केली. आणून सोडली आन गेला, पाणी पण प्याला न्हाई. मी म्हणलं, ऱ्हा. ऱ्हायला काय, घर मोठं हाय. पण ती जेवायची न्हाई पोटभर. भाकरी अर्धी मोडायची न् उठायची. ईचारलं तर म्हणायची, ‘दादा, मी तुमच्या घरात खातीय.’ रोजचं तेच. तुमच्या घरात बसलीय, तुमच्या घरात निजलीय. बावीस वर्साची पोर पाव्हण्यावानी अंग चोरून.”

“मग?”

“त्याच साली नंबर घालायचं काम निघालं. समदं गाव घालत घालत आलो, एकशे शहाऐंशी झालं, आलं आमचं घर. डबा हातात. भायेरच्या दाराला सत्त्याऐंशी घालायचा, तर पाय आतच गेला. तिच्या खोलीवर घातला. मग भायेर येऊन अठ्ठ्याऐंशी. म्हणलं, आधी तिचं घर, मागनं माझं. रजिस्टरात नाव लिवलं. नवऱ्याचं घालायचं नव्हतं. माझं घातलं असतं तर पुन्यांदा माझंच घर झालं असतं.”

“मग जेवल्या?”

“त्या दिशी तिनं आमाला जेवाय बोलीवलं,” आप्पा म्हणाले. “तिच्या घरात. रेशन कार्ड मागनं झालं, ते वेगळं.”

माझ्या हिशेबातला पहिला आकडा तिथेच खोडला गेला. पण सनद ही दारावरच्या रंगावर निघत नाही, हेही खरं होतं. आप्पांचा मुलगा चाकणला कंपनीत होता, उद्या तो माळवद पाडून स्लॅब टाकणार. आणि कागद एकाच नावाचा असला, तर आत्या पुन्हा दुसऱ्याच्या घरात. चौतीस वर्षांनी, साठीच्या तोंडावर. आप्पांना ते माझ्याआधी कळलेलं होतं. म्हणूनच ते “हितंच” म्हणत होते.

“काय हुतंय का बगा,” ते म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाकडे फार काही मागितलं नसावं, सवय नव्हती.

काही होतंय का बघायचं म्हणून मी साफ करण्याआधीचा मूळ फोटो उघडला. चुन्यासकटचा. आप्पांचं माळवद मोठं केलं. आणि थांबले.

माळवदावर एक रेघ होती. आतल्या खोलीच्या मापाने मारलेली, तीन बाजूंनी बऱ्यापैकी सरळ. चौथ्या बाजूला मात्र ती चालता चालता एकदम बाहेर सरकली होती, चारेक फूट, आणि स्वयंपाकघरावरचा झरोका आपल्या आत घेऊन पुढं गेली होती. असल्या लबाड रेघा मी शंभर पुसल्या होत्या.

“आप्पा, ही तुम्ही मारलीत ना?”

त्यांनी चष्मा वर करून पडद्याला नाक लावलं. “न्हाई बा. माळवदावर चढून मला पाच वर्सं झाली. गुडघं कुठं हायत.”

“मग आत्यांनी?”

“ती शिडीला भेती. लहानपणापासनं.”

“मग कुणी?”

आप्पांनी शेजारच्या एकशे शहाऐंशीवाल्याचं नाव घेतलं, मग स्वतःच मान हलवली. त्याला यात काय मिळणार? त्या रेघेतून कुणालाच काही मिळत नव्हतं. मिळत होतं ते फक्त अशा बाईला, जिला शिडीची भीती वाटते.

दुपारी मी एकटीच आप्पांच्या परसातून शिडी चढून वर गेले. महानंदाकाकू माळवदावर सांडगे घालत बसल्या होत्या. जुन्या धोतरावर ओळीने, एकसारखे, मोजून ठेवल्यासारखे. बाजूला, वाळलेल्या मातीत अर्धवट पुसलेली चुन्याची रेघ. मला बघून त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

“आता वरनं बी मोजता का? ड्रोन मेला का काय तुमचा?”

“काकू, ही रेघ कुणी मारली?”

“शेळ्यांनी.”

“शेळ्या काटकोनात मारत नाहीत.”

काकू हसल्या नाहीत, पण सांडग्याचा हात थांबला. “सरळ आली का?”

“तीन बाजूंनी आली. इथं मात्र झरोक्याभोवती वळलीय. हा झरोका तर तुमच्या चुलीवरचा.”

“मग? तुमीच सांगितलं न्हवं पारावर, भोंग्यातनं. तीन तीन डाव सांगितलं. एक घर, एक नंबर, एक झरोका. नंबर तिच्याकडं हाय. घर हाय. झरोका कुठं हाय? बिनउजेडाचं घर असतंय व्हय? माझ्याकडं दोन, एक ओसरीवर, एक चुलीवर. ओसरीवरचा दिला तर पाव्हण्यारावळ्यात दिसंल. चुलीकडं कोण बगतंय.”

मी त्या रेघेपाशी खाली बसले. बाराशे रुपये भाड्याच्या माइकवरच्या माझ्या भाषणाचा एका गावात एका माणसाने असा शब्दाला शब्द अर्थ लावला होता.

“पण काकू, सकाळी तुम्हीच म्हणालात, बरं झालं, खोली परत आली.”

“म्हणले.”

“गाव सांगतं, या खोलीवरून तुम्ही चौतीस वर्षं भांडताय.”

“भांडतेच. का भांडू नये?” काकूंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “खोली माझी हुती. लग्नातली भांडी त्यात, देव त्यात. मी नदीवरनं धुनं घिऊन आले, तर दारावर नंबर. रंग वाळलेला. मला तवा कळलं. वन्सं बिचाऱ्या आत रडत्यात, ह्ये ओसरीवर डबा घासत बसल्यात. मला एक शबूद इचारलं असतं, अगं, खोली दिऊ का? मी दिली असती. नीट ओटी भरून दिली असती. न इचारता दिली, म्हणून त्यो नंबर मला जन्मभर टोचला. पण आत जाताना मी इचारूनच जाती. एक दिवस सोडला न्हाई. दिलंय ना, मग दिलंय.”

मला सकाळचं ‘मालकीणबाई, हाय का घरात’ आठवलं. मी ते टोमण्याच्या खात्यात टाकलं होतं.

“पण रेघ मारून भागत नाही,” मी म्हटलं. “मोजणीवाले खाली येऊन भिंत बघतील. खालची भिंत बरोबर रेघेखालीच असायला लागेल.”

“मधली भिंत कच्च्या विटांची हाय. भार खांबांवर. चार फूट सरकवायला दोन दिस. गवंडी सांगून ठिवलाय, परवा येतोय.”

“आप्पांना सांगितलंत?”

“त्यास्नी कशाला? भिंत पडल्यावर कळंल की.” काकूंनी पुढचा सांडगा घातला. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “मला रंग वाळल्यावर कळलं हुतं.”

मी शिडीकडे निघाले तेव्हा त्या मागून म्हणाल्या, “मॅडम, गावात बोलू नका. माझं भांडखोर म्हणून चांगलं नाव हाय.”

संध्याकाळच्या आत मी ग्रामपंचायतीच्या टेबलावर काम उरकलं. त्या एका माळवदापुरता चुना फोटोत परत आणला. एकशे सत्त्याऐंशीला छप्पर मिळालं, झरोका मिळाला. अठ्ठ्याऐंशीकडे ओसरीवरचा एक राहिला, तेही बसलं. आता एकच नियम आडवा येत होता: प्रत्येक घर रस्त्याला लागून. या घराचा रस्ता दुसऱ्या घराच्या चुलीवरून जात होता. मशीनला हे समजावता येत नाही. मशीनला फक्त सांगता येतं, की या एका नंबराला हा नियम लावू नकोस. मी ते हाताने लिहिलं.

राजवाडे सरांचा फोन आला. “किती झालं?”

“चारशे बाराच्या चारशे बारा. एक अपवाद आहे, हाताने घातलेला.”

“काढ तो.”

“नाही निघत, सर.”

“अगं, उद्या सरकारी बैठकीत आपण सांगणार काय? हात न लावता, एकही अपवाद नाही. तालुक्याची त्रेसष्ट गावं त्या एका वाक्यावर आहेत. आणि तू त्या कामाची प्रमुख व्हायचं ठरलंय. एका खोलीसाठी?”

ओसरीवर मी आप्पांचा फायदा मांडला होता, तेव्हा माझा स्वतःचा मांडायचा राहिलाच होता. तो सरांनी आयता मांडून दिला.

“खोली नाही सर, घर आहे,” मी म्हटलं. “नंबर आहे त्याला.”

त्रेसष्ट गावं दुसऱ्या कंपनीकडे गेली. त्यांच्याकडे अपवाद नव्हते. कसे नव्हते, ते मी विचारलं नाही. पुढची दोन वर्षं मला नकाशांच्या कडा कापायचं काम मिळालं, आणि नंतर मी ती नोकरी सोडली.

गेल्या वर्षी दुसऱ्याच कामाने त्या भागात गेले होते. माळेवडगावचा फाटा दिसला आणि गाडी वळवली. आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले होते. भिंत पडली त्या दिवशी ते काय म्हणाले, ते मला नीलाआत्यांनी सांगितलं: काही म्हणाले नाहीत, डबा शोधून काढला, सरकवलेल्या दारावर १८७ पुन्हा काळा केला, आणि रंग ओला असतानाच बायकोला हाक मारून दाखवला.

मी पोचले तेव्हा भर दुपार होती. काकूंनी मला आत नेलं, दारापाशी थांबल्या, “मालकीणबाई, हाय का?” म्हणाल्या, आणि “या वैनी” आल्यावरच उंबरा ओलांडला. आतल्या खोलीत उन्हाचा तो खांब उभा होता. त्याच्या पायथ्याशी नीलाआत्या वाकळ शिवत होत्या. पेटीवर, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सनद. त्यांनी मला जेवायला वाढलं. त्यांच्या घरात. स्वतःही जेवायला बसल्या, भाकरी मोडली ती पुरती, अर्धी नाही.

हात धुवायला म्हणून उठले तर स्वयंपाकघरात चुलीवर बल्ब जळत होता. दुपारच्या दीड वाजता. काकूंचे डोळे आता अधू झालेत. तव्यावर वाकून, भाकरीला नाक लावून बघत होत्या.

हिशेब मांडायची माझी खोड अजून गेलेली नाही. मी तिथंच उभ्या उभ्या मांडला. आप्पांनी एक खोली दिली, ती त्यांची नव्हती. मुलाची पावणेदोनशे चौरस फूट जागा गेली, ती त्याला मागाहून कळली. तो सहा महिने बोलला नाही, मग बोलायला लागला. माझी त्रेसष्ट गावं गेली, पण ती माझ्याकडे कधी आलीच नव्हती.

“काकू, हा बल्ब दिवसभर असतो?”

“मग काय. अंधारात भाकरी जळती.”

“आणि बिल?”

काकूंनी भाकरी उलटली, कडेने दाबली, फुगेपर्यंत थांबल्या.

“एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरावर येतंय,” म्हणाल्या. “वन्संकडं कशाला जाईल? त्यांच्यात उजेड हाय.”